गाऱ्हाण्याला किती स्टार

भुताच्या गोष्टी मला आवडतात. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणालाही वाटेल की ही बाई भुताला घाबरते म्हणून चिडते. गावी चौथीनंतर शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. मामाच्या माळ्यावर रहस्यकथांचा गठ्ठा होता. कव्हरं गेलेली, कितीकांची शेवटची पानं कसरीने खाल्लेली. खुनी कोण ते कळायचंच नाही. मग भाकऱ्या थापता थापता मी स्वतःच ठरवायचे. पुढे लग्न होऊन दिंडोशीला राहायला आले, तेव्हा नवऱ्याला पहिली गोष्ट विचारली ती जवळ वाचनालय कुठे आहे ही. त्याला वाटलं मी देऊळ विचारते आहे. तो मला गणपतीच्या देवळात घेऊन गेला.

तर भुतांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते भुतांवर मतं देणाऱ्यांशी. तोंडावर भांडायला मला जमत नाही. चार माणसं जमली की माझा घसा सुकतो, कान गरम होतात. म्हणून इथे लिहिते.

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक वहिनी राहतात. कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होत्या, आता निवृत्त झाल्यात. मनाने वाईट नाहीत. आमच्याकडे सोड्यांची आमटी झाली की वाटी जाते, त्यांच्याकडे पुरणपोळी झाली की येते. एकदा जिन्यात माझ्या हातात वाचनालयातली कादंबरी होती. वहिनींनी ती उलटसुलट करून कव्हर बघितलं. कंदील, उघडं दार, दारात सावली.

"अगं, हे असलं वाचतेस तू? डोक्याला काही खुराक नको का?"

मी हसले. मला दुसरं काय येतं?

आणि ह्याच वहिनी गेल्या पावसाळ्यानंतर मोबाईलवर ती भुताची सिरीज आली तेव्हा एका बैठकीत सगळे भाग बघून मोकळ्या झाल्या. दुपारी दार उघडं टाकून मला सांगायला लागल्या, "बघच तू. काय वातावरण उभं केलंय! फक्त शेवट फालतू आहे, खुनी ती मोठी सूनच निघते." मी अजून पहिला भागही लावला नव्हता. सांगून टाकलं! खुनी कोण हे सांगून टाकणाऱ्या माणसाला काय शिक्षा असावी, ह्याचा मी कितीदा विचार केलाय. पुस्तकात भूत असलं की तो टाइमपास, आणि मोबाईलवर असलं की वातावरण.

तरी मी बघितली. शेवट माहीत असूनही बघितली.

गोष्ट साधी होती. मुंबईचं एक कुटुंब कोकणातल्या गावच्या घरी जातं. घरामागे विहीर. विहिरीत एक बाई. कोकण म्हटलं की ह्यांना विहीरच दिसते आणि विहिरीत बाईच दिसते. आमच्या गावच्या विहिरीत मी जन्मभर बघितले ते कासव आणि एकदा पडलेला शेजाऱ्यांचा कोंबडा. पण ते असू दे. गोष्टीत विहिरीत बाई असायला माझी हरकत नाही. पहिले दोन भाग चांगले वाटले मला. पाटावर ओली पावलं उमटतात तिथे मी खरंच पाय वर घेऊन बसले.

मग तो प्रसंग आला.

अमावास्या. अंगणात मशाली. एक म्हातारा डोक्याला मुंडासं बांधून हातात नारळ घेतो, विहिरीकडे तोंड करतो आणि गाऱ्हाणं घालायला लागतो. गाऱ्हाणं! खर्जातला आवाज, डोळे पांढरे. मागे काळी घोंगडी पांघरलेली माणसं घोगऱ्या आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." प्रत्येक "व्हय म्हाराजा"ला विहिरीतलं पाणी वर येतं आणि शेवटच्याला बाई बाहेर येते.

मी मोबाईल पालथा ठेवला.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहिते. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाला केलेलं सांगणं. काही शुभ काम निघालं की देवापुढे नारळ ठेवायचा आणि घरातल्या किंवा गावातल्या वडीलधाऱ्याने सगळ्यांच्या वतीने बोलायचं. आमची पोरंबाळं सांभाळ, पीडा असेल ती दूर कर, कोणाचं काही अडलं असेल ते सोडव. तो एकेक मागणं सांगतो आणि जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. दुजोरा आला तरच पुढचं मागणं. ते उजेडात, सगळ्यांदेखत, रोजच्या बोलण्यासारखं बोलतात. देव म्हणजे जणू ओटीवर बसलेला घरचा मोठा माणूस. भुताला बोलवायला कोणी गाऱ्हाणं घालत नाही, उलट भुताची कटकट नको म्हणून घालतात.

आणि नेमका तोच प्रसंग जिकडेतिकडे पसरला. लिफ्टमध्ये पोरं एकमेकांच्या मानेवर फुंकर मारून "व्हय म्हाराजा" करायला लागली. भाजीवाल्याकडे कॉलेजातल्या दोन मुली बोलत होत्या, "कोकणात असंच असतं यार, माझ्या मित्राची आजी तिकडचीच आहे." सोसायटीच्या ग्रुपवर कोणी लिहिलं, "लोकसंस्कृतीचं अप्रतिम दर्शन." त्याखाली अंगठेच अंगठे. ज्यांना आयुष्यात कोकणातला फणस सोलता आला नाही, ते मला कोकण समजावत होते.

आमच्या घरात मात्र हा नुसता मताचा प्रश्न राहिला नाही.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गिरणीत होते. गिरणी गेली, चाळ गेली, मग ते इथे आले. आता ऐकू जरा कमी येतं. दिवसभर खिडकीत बसतात, कोणी बोलत नाही, ते कोणाशी बोलत नाहीत. पण सोसायटीची वार्षिक सत्यनारायणाची पूजा असते, त्या दिवशी भटजींची कथा झाली की सगळे म्हणतात, "आबा, आता तुमचं." मग आबा नारळ ठेवून आख्ख्या बिल्डिंगचं गाऱ्हाणं घालतात. महिनाभर आधीपासून ते मला विचारत असतात, कोणाचं काय चाललंय. पाण्याचा पंप, दहावीला बसलेली मुलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांचा गुडघा. वर्षभरातला तेवढा एक दिवस आबा ह्या बिल्डिंगचे कोणीतरी असतात. त्या दिवशी ते स्वतः धोतराला निऱ्या घालतात, मला हात लावू देत नाहीत.

यंदा पूजेच्या आधीच्या आठवड्यात वहिनी घरी आल्या. आबा खिडकीत होते. वहिनी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, "आबा, यंदा आमच्या लेकीचं घाला हं गाऱ्हाण्यात. सातवा लागलाय."

आबा खुश झाले. "घालतंय तर. पयला तिचाच घालतंय."

"आणि आबा, यंदा जरा त्या सिरीजसारखं म्हणा ना! आवाज खाली घेऊन. पोरं लाईट बंद करतील, पडदे लावतील, शूट करतील. झकास रील होईल."

"कसली शिरीज?"

वहिनी हसल्या. "अय्या, तुम्हाला दाखवली नाही कोणी? तुमचीच तर आहे!"

त्या गेल्यावर आबांनी माझ्या लेकीला हाक मारली. लेक कॉलेजात आहे. तिने तो प्रसंग लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला, आवाज पूर्ण वाढवला. आबांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत बघितलं. बाई बाहेर आली तेव्हा त्यांनी मोबाईल जरा लांब धरला, मग पुन्हा जवळ घेतला.

"ह्यो नारळ कोणाफुडे ठेवलो?"

"विहिरीतल्या बाईपुढे, आबा."

"आणि ही घोंगडेवाली माणसां कोणाक व्हय म्हणतत?"

"तिलाच."

आबांनी मोबाईल परत दिला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "यंदा मी म्हणूचंय नाय. त्यांका सांग, आबाक बरा नाय."

मी लेकीवर उखडले. घरात मला बोलता येतं. ती म्हणाली, "आई, फिक्शन आहे ते. तू नाही का भुताच्या कादंबऱ्या वाचत? तिथे सगळं खरं असतं का?"

"तू किती स्टार दिलेस?"

"चार."

"कशाला दिलेस?"

"अगं, त्या सीनसाठीच. तो सीन सोडला तर आहे काय त्यात?"

मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. भांडी घासताना सुचलं, नेहमीसारखं. गोष्टीतलं भूत खोटं असतं हे मला ठाऊक आहे. पण चांगल्या गोष्टीतल्या भुतालाही रीत असते. ते कुठे येतं, कुठे येत नाही, कशाला अडतं, हे लिहिणाऱ्याने बसून ठरवलेलं असतं. म्हणून तर आपण घाबरतो. ज्याने ती सिरीज लिहिली त्याला भुताची रीत बसवायचा कंटाळा आला. मग त्याने आमच्या देवाची उचलली आणि तिला काळं घोंगडं पांघरलं. खोटं लिही ना बाबा. पण स्वतःचं लिही. लोक म्हणतात अंगावर काटा आला. तो काटा त्याचा नाहीच. पिढ्यान् पिढ्या माणसं नारळापुढे हात जोडून उभी राहिली, त्यांचा आहे.

हे वहिनींना सांगायचं ठरवून मी वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. कोलंबीचं लोणचं होतं. दारातच म्हटलं, "वहिनी, ते आबांचं..."

"हो गं, बरं नाही म्हणे त्यांना? अरे यार! पोरांनी काळे पडदे पण आणलेत भाड्याने. बघ ना जरा समजावून. नाहीतर मग सिरीजमधला ऑडिओच लावतो म्हणतात. तेवढा भाग तर भारी होता त्या सिरीजमध्ये." लोणच्याचा वास घेऊन म्हणाल्या, "लसूण जास्त घातलीस का? मला आवडते."

मी "हो" म्हणाले आणि परत आले. सिरीजमधला ऑडिओ लावणार! सत्यनारायणापुढे, विहिरीतल्या बाईचं बोलावणं! घरी येऊन मी आबांना ते जसंच्या तसं सांगितलं. ओरडून सांगितलं, कारण त्यांना ऐकू येत नाही, आणि मला रागही आला होता.

आबांनी ऐकलं. "माझा धोतर काढून ठेव," एवढंच म्हणाले.

पूजा खालच्या मोकळ्या जागेत होती, जिथे एरवी स्कूटर लावतात. दुपारची वेळ, पण पोरांनी तिन्ही बाजूंनी काळे पडदे लावून अंधार केला होता. भटजी पोथीत डोळे बारीक करून वाचत होते. नवऱ्याची ड्यूटी होती. तो बस चालवतो, सुट्टी मिळाली नाही. एरवी आबांना दुजोरा द्यायला तो असतो आणि आमच्याकडचे आणखी दोघे जुने. त्यातले एक गेल्या वर्षी वारले, दुसरे विरारला लेकाकडे राहायला गेले. म्हणजे आबांच्या मागे कोणी नव्हतं. हे मला तिथे बसल्यावर लक्षात आलं.

कथा संपली. आबा उठले, चौरंगाजवळ गेले. कोणाला काही न विचारता त्यांनी आधी समोरचा काळा पडदा एका हाताने बाजूला सारला. उजेड आला. पोरांनी "अरे आबा, अरे आबा" केलं. मग आबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा सत्यनारायणा म्हाराजा. ही तुझी लेकरां आज तुझ्या फुडे जमलेली आसत. त्यांच्या वतीन ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा."

मागून पोरांच्या घोळक्यातून घोगरा, लांबवलेला आवाज आला. "व्हऽऽय म्हाऽऽराजाऽऽ." आणि हशा. बायकाही हसल्या. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून होत्या.

आबा थांबले.

ऐकू कमी येतं त्यांना, पण एवढं आलं. आता ते अडकले होते. दुजोरा आल्याशिवाय पुढचं मागणं मागता येत नाही. आणि नारळ ठेवलाय, तो तसाच टाकून बसताही येत नाही. हात जोडलेले, मान किंचित कलती, कान मागे लावलेला. ते वाट बघत होते. मला माहीत होतं की कोणी काही बोललं नाही तर हा माणूस तसाच उभा राहील.

कोणीच काही बोललं नाही. सगळ्यांना वाटलं हा त्यांचा पॉझ आहे. एक पोरगा हळूच म्हणाला, "काय टायमिंग आहे आबांचं!"

तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "व्हय म्हाराजा!"

बायका आमच्यात दुजोरा देत नाहीत. मी तर कधी आरतीतही मोठ्याने म्हटलेलं नाही. आवाज फाटला, नको तेवढा मोठा आला. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. कान इतके गरम झाले की मला वाटलं आता पेटतील. पण घसा सुकला नाही. रागाने ओला ठेवला असेल.

आबांनी वळून बघितलं नाही. मान सरळ केली आणि पुढे निघाले.

"ही समोरची म्हातारी बाय," म्हणजे वहिनी, "तिची लेक गरवार आसा. तिची सुखरूप सुटका कर, बाळबाळंतीण हसतखेळत घराक येवंदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आता वहिनींचा मोबाईल खाली आला होता. "म्हातारी" ऐकून की लेकीचं ऐकून, मला सांगता येणार नाही.

"लिफ्ट मधीच बंद पडता. आत अडाकलेल्यांका सांभाळ, आणि तिचो मेस्त्री येळेर येवंदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी सोसायटीच्या सचिवांचाही आवाज आला. लिफ्टचा विषय त्यांचा.

पंप झाला, गुडघा झाला, दहावीची मुलं झाली. एकेक आवाज वाढत गेला. ज्याचं मागणं निघेल त्याला आपोआप "व्हय" म्हणावंसं वाटायचं. शेवटाला आबा जरा थांबले.

"आणि ज्या कोणी तुझा गाराणा उचलून भुताफुडे नेल्यान..."

आता आबा शाप देतात की काय, असं पोरांच्या तोंडावर होतं. एकाने मोबाईल वर केला. ह्याचीच तर ते वाट बघत होते.

"...त्याका फुडच्या येळाक जरा बरी गोष्ट सुचव म्हाराजा. स्वतःची."

मी इतक्या जोरात "व्हय म्हाराजा" म्हटलं की भटजी दचकले. लेक माझ्याकडे बघून तोंड दाबून हसत होती. मग तीही म्हणाली.

प्रसादाच्या वेळी वहिनी माझ्याजवळ आल्या. केळीच्या पानावरचा शिरा बोटाने सारखा करत म्हणाल्या, "छान झालं हं. पण खरं सांगू? सिरीजमधलं जास्त इफेक्टिव्ह होतं. आबांचं थोडं लांबलं."

लांबलं! माझ्या डोळ्यांपुढे तो थांबलेला कान आला.

"ह्यातलं काय कापायला हवं होतं, वहिनी?" मी विचारलं. "तुमच्या लेकीचं?"

हे मी तोंडाने विचारलं. इथे लिहिण्यासाठी राखून ठेवलं नाही. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तसं नाही गं..." आणि पुढे काही सुचलं नाही त्यांना. मला ती अवस्था चांगली माहीत आहे. भांडी घासताना सुचेल त्यांना.

आबा खुर्चीत बसून शिरा खात होते. माझ्या हातातलं पाणी घेतलं आणि विचारलं, "गो, ती हिरीतली बाय. तिका मारल्यान कोणी?"

मी सांगितलं नाही. म्हटलं, "बघा तुम्ही. मी लावून देते."